पश्चिमेचं दार, समोरचा टॉवर आणि पडदे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात कासारवडवलीला चौदाव्या मजल्यावर नवा टू बीएचके घेतलाय, फॉल्स सीलिंगचं काम सुरू व्हायचंय आणि गुढीपाडव्याला गृहप्रवेश आहे. हॉलच्या गॅलरीचं सरकतं दार पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे उघडतं. मोठी बेडरूम पूर्वेला आहे. मुलांच्या खोलीसमोर शेजारचा टॉवर इतका जवळ की समोरच्यांचा टीव्ही दिसतो. दुकानदाराने तिन्ही खोल्यांना एकाच राखाडी रंगाचे, जमिनीला टेकणारे ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारे पडदे सुचवलेत आणि सगळ्याच्या किमतीचा मिळून एकच आकडा लिहून दिलाय. तो मान्य करावा का, की रेडीमेड आणून लावावेत? सासरे दुपारी हॉलमध्येच आडवे होतात, हेही तुम्ही शेवटी लिहिलंय. मला सगळ्यात उपयोगी पडली ती हीच ओळ.

तो आकडा आहे तसा मान्य करू नका. तुमच्या तीन खिडक्यांची तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकच कापड तिन्हींवर चालणार नाही. पडदे शिवणं आणि लावणं हेच माझं काम आहे. दुकानात बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि खिडकीपाशी शेवटी येतात. ते उलटं व्हायला हवं. ऊन कुठून आणि कधी येतं, समोरून कोण बघतं, पाऊस कुठवर आत येतो, पडदा कशावर लटकणार, हे आधी ठरवायचं. ते ठरलं की निम्मी कापडं आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून रंग निवडणं सोपं जातं.

उन्हापासून सुरू करते. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दुपारी बाराला दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसं आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर शिरतं. ते ऊन हवंहवंसं असतं. खरा त्रास पश्चिमेचा. मार्च ते मे दुपारी दोननंतर सूर्य खाली उतरू लागतो आणि ऊन आडवं होऊन काचेवर येतं. वरच्या मजल्याची गॅलरी छपराचं काम करते, पण ती फक्त वरून येणारं ऊन अडवते, आडवं नाही. येऊरच्या डोंगरामुळे तुमच्याकडे सूर्य थोडा लवकर आड जाईल, पण दोन ते पाचचा जो वेळ तुमच्या सासऱ्यांच्या वामकुक्षीचा आहे तो काही त्यातून सुटत नाही.

आता जाड पडदा लावला की खोली गार राहील, हा समज अर्धाच खरा आहे. काचेतून ऊन आत आलं आणि गडद कापडावर पडलं की ते कापड तापतं. काच आणि पडदा यांच्यामधली हवा गरम होऊन वर चढते आणि पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीत येते. डोळ्यांपुढे अंधार होतो, पण खोली तापतेच. म्हणून पश्चिमेच्या पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा निदान फिकट असायला हवी, म्हणजे बरंचसं ऊन आल्या वाटेने काचेबाहेर परत जातं. वरची फटही बंद हवी, ती कशी ते पुढे सांगते. खोलीच्या बाजूने राखाडी रंग आवडला असेल तर जरूर घ्या, फक्त मागे पांढरं अस्तर लावून घ्या. नागपूरकडे उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावतात आणि त्याने खोली खरंच गार होते, कारण तिकडची हवा कोरडी आणि पाणी झपाट्याने वाळतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा. तो उपाय इथे लागू पडत नाही. गॅलरीत बाहेरच्या बाजूला बांबूची चिक टाकता आली तर मात्र आतल्या कुठल्याही पडद्यापेक्षा ती जास्त काम करते, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. सोसायटीची परवानगी आधी विचारा. दर्शनी भागात काही लावायला बऱ्याच सोसायट्या हरकत घेतात.

हॉलला म्हणून दोन थर लावा. काचेजवळ शिअर, म्हणजे आरपार दिसणारा पातळ पडदा, त्याच्या अलीकडे अस्तराचा जाड पडदा. सकाळी दोन्ही बाजूला, दुपारी जाड ओढलेला, संध्याकाळी फक्त शिअर. पूर्ण ब्लॅकआउट हॉलला मला पटत नाही. भर दुपारी दिवा लावून बसावं लागतं आणि पाहुणे आले की पडदा सारखा उघडा-बंद करावा लागतो. मध्यम जाडीचं कापड आणि त्याला पांढरं अस्तर असेल तर झोपणाऱ्याला पुरेसा अंधार मिळतो आणि बाकीच्यांना पेपर वाचता येतो.

आता एक गोष्ट याच आठवड्यात करा, कारण ती नंतर होत नाही. सीलिंगवाल्याला सांगा की हॉलच्या दारापाशी पडद्याचा पॉकेट, म्हणजे पडदा आत लटकेल अशी मोकळी खाच, सोडायचाय. दोन चॅनल, म्हणजे पडदा ज्यात सरकतो ते रूळ, बसवायचे तर भिंतीपासून सात-आठ इंच जागा लागते. त्याहून कमी ठेवली तर जाड पडद्याच्या चुण्या शिअरवर घासतात आणि दोन्ही एकत्रच ओढले जातात. चॅनल पॉकेटच्या आत गेला की वरची फट झाकली जाते आणि गरम हवेची वाटही बंद होते. सीलिंगच्या जिप्सम बोर्डावर चॅनल कधीही मारू देऊ नका. बोर्ड वजन धरत नाही, थोड्याच दिवसांत स्क्रू सैल होतात आणि एक दिवस पडदा चॅनलसकट खाली येतो. पॉकेटच्या वरच्या बाजूला प्लायची पट्टी स्लॅबला ठोकून घ्या आणि चॅनल त्या पट्टीवर बसवा. स्प्लिट एसी त्याच भिंतीला येणार असेल तर त्याची जागाही आत्ताच ठरवा. एसीच्या तोंडासमोर जमा झालेला पडदा हे मी फार घरांत पाहिलंय. तिथे एसी दिवसभर पडद्यालाच गार करत बसतो.

बेडरूमला पॉकेट नको असेल तर रॉड चालेल. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा भिंती विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या असतात, कामगार त्याला मायव्हानची भिंत म्हणतात. तिथे साधं ड्रिल फिरत राहतं आणि भोक काही पडत नाही, हॅमर ड्रिलच लागतं. भोक मारताना सळई लागली तर जोर न करता भोक इंचभर सरकवायला सांगा. चार फुटांपेक्षा लांब रॉडला मध्ये आधार लागतो, नाहीतर तो मधोमध झुकतो. रिंग पाडलेल्या, म्हणजे आयलेटच्या पडद्याचं अडतं ते याच ठिकाणी: मधल्या ब्रॅकेटवरून आयलेट पलीकडे जात नाही. म्हणून रुंद दाराला आयलेट लावायचा तर पडदा दोन बाजूंना उघडणाराच हवा. एकाच बाजूला सरकवायचा असेल तर चॅनल घ्या. रॉड काचेच्या चौकटीपेक्षा दोन्हीकडे सहा-आठ इंच बाहेर काढा, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर जमा होतो आणि काच पूर्ण मोकळी राहते.

रॉड कुठला घ्यायचा हे खाडी किती जवळ आहे त्यावर ठरतं. तुमच्याकडे हवा तेवढी खारी नाही. पण नवी मुंबईत सीवूड्स, नेरूळ किंवा पाम बीच रोडला खाडीकडे तोंड असलेल्या घरांत पश्चिमेचं ऊन, खारा वारा आणि नैऋत्येचा पाऊस असं सगळं एकाच दारावर येतं. तिथे रंग दिलेला लोखंडी रॉड लवकरच गंजायला लागतो आणि आयलेटच्या भोवती कापडावर तांबूस कडी उमटते. ती धुऊन जात नाही. अशा घरांत ॲल्युमिनियमचा चॅनल घ्यावा किंवा ३०४ ग्रेडचं स्टील. २०२ ग्रेड स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्यावर डाग येतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

माप स्टीलच्या टेपने घ्या, शिवणकामाच्या कापडी टेपने नको, ती ताणली जाते. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजा. नव्या घरातसुद्धा तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. सर्वांत लहान आकडा धरा. हे सगळं फ्लोअरिंग आणि सीलिंग पूर्ण झाल्यावर. त्याआधी घेतलेल्या मापावर कापड फाडू देऊ नका.

कापड किती लागेल हा हिशेब दुकानदारावर सोडू नका, तो अवघड नाही. समजा तुमचं दार आठ फूट रुंद आहे आणि चॅनल नऊ फुटांचा, म्हणजे १०८ इंच. चुण्या नीट पडायला कापड निदान दुप्पट हवं, म्हणजे २१६ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५४ इंची असेल तर चार पॅनल, म्हणजे कापडाचे उभे तुकडे, प्रत्येक बाजूला दोन. ४८ इंची असेल तर साडेचार येतात, म्हणजे पाच घ्यावे लागतात आणि एक मधोमध फाडून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा जोडावा लागतो. पॉकेटपासून खालपर्यंत तयार उंची १०० इंच धरली तर वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच वाढवा. ११२ इंच म्हणजे साधारण २.८५ मीटर एका पॅनलला. ५४ इंची पन्ह्यात साडेअकरा मीटरच्या आत काम होतं, ४८ इंचीत सव्वाचौदा मीटर लागतं. पन्हा न विचारता नुसता मीटरचा भाव बघितला की अरुंद कापड स्वस्त वाटतं आणि बिल मात्र जास्त येतं. मोठं डिझाइन असेल तर आणखी एक गोष्ट. फुलं किंवा पट्टे दर २४ इंचांनी पुन्हा येत असतील तर प्रत्येक पॅनल ११२ ऐवजी १२० इंचांचा कापावा लागतो, तरच शेजारच्या पॅनलची फुलं एका ओळीत येतात. चार पॅनलना म्हणजे १२.२ मीटर. ही वाढ खरी आहे, त्यात दुकानदार तुम्हाला फसवत नाही. साध्या कापडात ती वाचते.

काटकसर करायची तर कापडाच्या भावात करा, चुण्यांत करू नका. दुप्पट कापडाचा साधा पडदा दीडपट कापडाच्या महागड्या पडद्यापेक्षा नेहमीच देखणा दिसतो. दीडपटीचा पडदा ओढला की ताणलेल्या चादरीसारखा सपाट होतो. आयलेटला पावणेदोन पटीपर्यंत चालतं, वर चुण्या शिवून घेतलेल्या प्लीटच्या पडद्याला मात्र दुपटीहून कमी नको.

जमिनीला टेकणारे पडदे फोटोत छान दिसतात. आपल्याकडे सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतून जुलैत वाऱ्यासकट पाणी आत येतं. टेकलेलं कापड ते शोषून घेतं, चार दिवसांत कुबट वास येतो आणि दुमडीवर काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. पांढऱ्या शिअरवरून ती सहसा जात नाही. गॅलरीच्या दाराला पडदा लादीपासून इंचभर वर ठेवा. चौदाव्या मजल्यावर वारा जोराचा असतो. दार उघडं असलं की शिअर बाहेर उडतो, दाराच्या खोबणीत अडकतो आणि काळा होतो. शिवताना खालच्या दुमडीत वजनाची बारीक साखळी घालून घ्या. पावसाळ्यात दिवसा पडदे बाजूला घेऊन पंखा चालू ठेवायचा, भिंतीला चिकटून राहिलेल्या कापडामागे हवा खेळत नाही.

पूर्वेची बेडरूम सोपी आहे. तिथे ऊन सकाळचं आणि सौम्य, खोली फारशी तापत नाही. प्रश्न फक्त डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाचा. तुमच्यापैकी कुणी रात्रपाळी करत असेल तर इथे ब्लॅकआउट घ्या, नाहीतर अस्तराचा साधा पडदा भरपूर झाला.

मुलांच्या खोलीकडे जास्त लक्ष द्या. शिअर लावलं की समोरून दिसत नाही, असं दुकानात सांगतात आणि दिवसा ते खरंही असतं, कारण उजेड बाहेर जास्त असतो. रात्री आत दिवा लागला की गोष्ट पूर्ण उलटते. समोरच्या टॉवरला तुमची खोली लख्ख दिसते आणि आतून तुम्हाला काहीच कळत नाही. खात्री करायची तर रात्री खोलीत दिवा लावून शिअरचा तुकडा खिडकीला धरा आणि घरातल्या कुणालातरी समोरच्या टॉवरमधून बघायला सांगा. या खोलीत शिअर वगळा आणि मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा एकच पडदा लावा. खिडकीखाली अभ्यासाचं टेबल येणार असेल तर लांब पडदा पायात येतो, तिथे कठड्यापर्यंतचा रोमन (घड्या पडत वर जाणारा) किंवा रोलर (वर गुंडाळला जाणारा) ब्लाइंड बरा. पण ब्लाइंडची लोंबती साखळी लहान मुलांच्या गळ्याला अडकू शकते. हा धोका खरा आहे, तो हलक्यात घेऊ नका. साखळी भिंतीला क्लिपने घट्ट बसवून घ्या किंवा बिनसाखळीचा घ्या. खिडकीला लागून पलंग किंवा खुर्ची ठेवू नका.

कापड बघायला जाल तेव्हा दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. नमुन्याचा हातभर तुकडा घरी आणा, त्याच खिडकीला टाचा आणि सकाळी, दुपारी, रात्री बघा. दुकानात दुधी दिसलेलं कापड पश्चिमेच्या उन्हात चक्क पिवळं दिसतं. ब्लॅकआउट म्हणून दाखवलेल्या कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरा. चांगल्या कापडात मधला काळ्या धाग्याचा थर विणलेलाच असतो आणि उजेड आरपार येत नाही. काहींना मागून नुसता लेप दिलेला असतो. त्यातला हलका लेप आपल्या दमट हवेत चिकट होतो आणि घडीवर तडकतो. कापड मुठीत घट्ट दाबून सोडा, पांढऱ्या रेषा उमटल्या तर तो तागा परत ठेवा. छापील कापडाची आडवी घडी घालून बघा. नक्षी घडीला समांतर न जाता तिरकी पळत असेल तर छपाईच तिरकी आहे आणि शिवणारा कितीही कसबी असला तरी तो पडदा सरळ दिसणार नाही.

सुती की पॉलिस्टर, हा वाद घरोघरी होतो. हवेतली ओल सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे पावसाळ्यात सुती पडदे जड आणि ओलसर वाटतात, वाळायला वेळ लागतो, पहिल्या धुण्यात आटतातही. तरी पूर्वेच्या बेडरूमला मी सुतीच सुचवते, त्याची पडण आणि स्पर्श वेगळाच असतो. फक्त शिवण्याआधी कापड धुऊन घ्या. पश्चिमेच्या दाराला पॉलिस्टर किंवा मिश्र धाग्याचं घ्या, ते उन्हात आणि ओलीत टिकतं. रेशीम पश्चिमेला अजिबात नको, उन्हाने धागा कुजतो आणि पडदा चुणीवर फाटतो. दुकानदार सुती म्हणतोय ते खरं का, हे बघायचं तर कडेचा एक धागा काढून घरी चिमट्यात धरून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि शेवटी कडक मणी उरतो.

याच कारणाने गॅसजवळच्या खिडकीला आणि देवघराला कापडी पडदा लावू नका. समई, निरांजन आणि वितळणारं कापड एका जागी नको. स्वयंपाकघराला पुसता येईल असा ब्लाइंड लावा किंवा काचेला दुधी फिल्म, काम होतं.

रेडीमेडला माझी हरकत नाही. ते बहुधा पाच, सात आणि नऊ फूट उंचीचे आणि चार फूट रुंदीचे मिळतात. मुलांच्या खोलीला आणि बेडरूमला माप जुळत असेल तर बेशक घ्या. मुलांच्या खोलीचे काही वर्षांत बदलावे लागतातच. हॉलच्या १०० इंचांना नऊ फुटी पडदा कापून दुमडावा लागेल, अस्तर लावावं लागेल, आणि मग रेडीमेडचा फायदा उरत नाही. तो शिवूनच घ्या. कापड कुठून आणायचं तर नौपाड्यात मिळतंच, पण जास्त मीटर लागणार असेल तर उल्हासनगर किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटची एक फेरी वाया जात नाही. शिवणारा मात्र जवळचाच बघा, पडदा लावल्यावर अर्धा इंच कमी-जास्त करायला त्याला परत यावं लागतं. त्याने आधी शिवलेला एखादा पडदा उलटा करून बघायला मागा. दुमड दुहेरी हवी, कोपरे हाताने बंद केलेले हवेत आणि अस्तर पडद्यापेक्षा इंचभर आखूड.

दुकानदाराकडे परत जाल तेव्हा त्या एका आकड्याची फोड मागा: कापड किती मीटर, पन्हा किती, अस्तर वेगळं किती, शिलाई दर पॅनलला काय, चॅनल दर फुटाला काय, लावण्याची मजुरी आणि कर. फोड द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. बेडरूमच्या दोन ब्लॅकआउटचे पैसे वाचतील ते हॉलच्या अस्तरात आणि चांगल्या चॅनलमध्ये घाला. सगळं एकदम झेपत नसेल तर बेडरूमला तूर्तास रेडीमेड किंवा जुन्या घरातलेच पडदे लावा. हॉलच्या दाराचं काम मात्र पाडव्याच्या आत उरकून घ्या. त्यासाठी सीलिंग पूर्ण झालं की त्याच दिवशी शिवणाऱ्याला मापाला बोलवा. सणाच्या तोंडावर त्याच्याकडे रांग लागलेली असते.